भाजलेलं चिकन, अननस आणि पोटभर सॅलड : वाचकांचे प्रश्न

भाजलेलं मांस आणि फळं घालून केलेलं, जेवणाऐवजी खाता येईल असं सॅलड कसं करावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मापं नेहमीची : 1 टेबलस्पून म्हणजे 15 मिली, 1 टीस्पून म्हणजे 5 मिली, सपाट.

प्रश्न : चौघांसाठी चिकन-अननसाचं सॅलड केलं. मांस मऊ व्हावं म्हणून ब्रेस्टचे तुकडे ताज्या अननसाच्या रसात रात्रभर ठेवले. भाजल्यावर ते बाहेरून पिठूळ आणि आतून कोरडे झाले. शिवाय वाढेपर्यंत भांड्याच्या तळाशी वाटीभर पाणी साचलं. घरच्यांचं म्हणणं, एवढ्यानं पोट भरत नाही. कुठे चुकलं? (राजारामपुरी)

उत्तर : चूक अननसाची नाही, त्याच्या जागेची आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. अर्ध्या तासात मांसाचा वरचा थर सैल होतो आणि रात्रभरात त्याचा लगदा होतो. सैल झालेला थर पाणी धरून ठेवत नाही, म्हणून भाजताना तुकडा आतूनही सुकला. मुळात ब्रॉयलर कोंबडी कोवळीच असते. तिला मऊ करण्याची गरज नसते, कोरडी होऊ न देण्याची असते. तेव्हा अननस मुरवणातून काढा आणि ताटात घ्या.

चिकनवाल्याकडून 600 ग्रॅम बोनलेस लेग घ्या, तुकडे न करता, उघडून सपाट करून द्यायला सांगा. मांडीच्या मांसात चरबी असते, त्यामुळे दोन मिनिटं जास्त भाजलं गेलं तरी ते निभावून नेतं. ब्रेस्ट तेवढं सोसत नाही. ब्रेस्टच हवं असेल तर 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अर्धा तास ठेवा, पुसून घ्या आणि मुरवणात पुन्हा मीठ घालू नका.

मुरवण असं : आलं-लसूण वाटण 1 टेबलस्पून, बेडगीचं तिखट 1 टीस्पून, धने-जिरे पूड 1 टीस्पून, हळद पाव टीस्पून, मीठ 1 टीस्पून, तेल 1 टेबलस्पून, लिंबाचा रस 1 टेबलस्पून. फ्रिजमध्ये 1 ते 4 तास पुरे. गूळ किंवा मध यात नको, मांस शिजायच्या आधी तो करपतो.

बिडाचा तवा चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडून गेला की तवा तयार. मांसावरचं जास्तीचं वाटण निपटून घ्या, कारण ओला तुकडा भाजत नाही, उकडतो. पहिली बाजू न हलवता 5 ते 6 मिनिटं, दुसरी 4 ते 5. उलटताना तुकडा तव्याला धरून राहिला तर ओढू नका; नीट भाजला की तो आपण होऊन सुटतो. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी 74 अंश सेल्सियस यायला हवेत. नसेल तर तिथेच चीर द्या : रस स्वच्छ असावा, गुलाबी काही दिसू नये. मग 6 ते 8 मिनिटं तसंच ठेवून धाग्याला आडवे, बोटाएवढे तुकडे कापा. थाळीत उतरलेला रस टाकू नका, तो ड्रेसिंगमध्ये जातो.

आता तळाचं पाणी. मीठ आणि आंबट लागलं की फळ आणि भाजी पाणी सोडतात, त्याला इलाज नाही. पण किती आणि केव्हा सोडावं, हे आपल्या हातात आहे. साफ केलेल्या 400 ग्रॅम अननसाच्या 1 सेंटिमीटर जाड चकत्या करा, मधला दांडा काढा, फडक्यानं कोरड्या करा आणि पुसलेल्या गरम तव्यावर थेंबभर तेलात दोन्हीकडून 2 ते 3 मिनिटं भाजा. कडा तपकिरी व्हायला हव्यात. वरचं पाणी उडतं, साखर खरपूस होते आणि एन्झाइमचा जोरही बराच मोडतो. चकत्या एकावर एक रचू नका, वाफेनं पुन्हा ओल्या होतील. काकडीचा बियांचा मधला भाग चमच्यानं खरवडून टाका. टोमॅटो नकोच. लेट्यूस किंवा कोवळा पालक 150 ग्रॅम, पुदिना आणि कोथिंबीर मूठभर, हे धुऊन पंचात गुंडाळून अगदी कोरडं करा. पानाला पाणी राहिलं तर ड्रेसिंग त्यावर टिकत नाही, घसरून तळाला जातं.

ड्रेसिंगसाठी 3 टेबलस्पून लिंबाच्या रसात 1 टेबलस्पून किसलेला गूळ आणि पाऊण टीस्पून मीठ आधी पूर्ण विरघळवा, कारण तेलात दोन्ही विरघळत नाहीत. मग ठेचलेली लसणीची एक पाकळी, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि 4 टेबलस्पून तेल घालून घुसळा. घाण्याचं शेंगतेल असेल तर उत्तम.

पोट भरण्याच्या तक्रारीवर उपाय घरातच आहे : जोंधळा, म्हणजे ज्वारी. वाटीभर शाळू (रब्बीची ज्वारी) रात्रभर भिजवा, सकाळी तिप्पट पाणी आणि चिमूट मीठ घालून कुकरची एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं शिजवा. दाणा चावताना मऊ लागावा, पण फुटलेला नसावा. चाळणीत निथळून गरम असतानाच त्यात निम्मं ड्रेसिंग कालवा. दाणे ते पिऊन घेतात आणि पुढे फळाचं सुटणारं पाणीही त्यांच्यातच मुरतं. पोटही भरतं आणि तळही कोरडा राहतो.

रचताना खोल पातेलं नको, पसरट परात घ्या. खाली जोंधळा, वर पानं आणि काकडी, मग अननस, शेवटी कोमट चिकन. गरमागरम मांस पानांवर टाकलं तर पानं मान टाकतात. उरलेलं ड्रेसिंग वाढण्याआधी पाच मिनिटं घाला. थायलंडमध्ये भाजलेल्या मांसाच्या सॅलडवर भाजून कुटलेले तांदूळ भुरभुरतात, ते इथेही शोभतात : 2 टेबलस्पून तांदूळ मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं बदामी होईपर्यंत कोरडे भाजा आणि जाडसर कुटा. जाडसर शेंगदाण्याचं कूटही चालतं. पण तांदळाचा तो खमंग वास एकदा घेऊन पाहाच.

प्रश्न : आमच्याकडे चिकनपेक्षा मटणच चालतं. बोकडाचे तुकडे थेट शेगडीवर भाजले तर चामड्यासारखे झाले. सॅलडमध्ये मटण घालता येतं का? (कसबा बावडा)

उत्तर : येतं, पण दोन टप्प्यांत. बोकडाच्या मांडीत चिवट तंतू भरपूर असतात. ते मऊ व्हायला ओली उष्णता आणि वेळ लागतो, शेगडीच्या कोरड्या आचेवर ते आक्रसतात. 600 ग्रॅम बोनलेस मांडीचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे हळद, मीठ, आलं-लसूण आणि दोन वाट्या पाणी घालून कुकरमध्ये शिजवा. कोवळं बोकड असेल तर 3 शिट्ट्या, जून असेल तर 5 ते 6. टोकदार सुरी आत जाताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे. पूर्ण शिजलं तर भाजताना तुकडे विस्कटतात. निथळून, पंख्याखाली पंधरा मिनिटं सुकवून, चमचाभर तेल लावून मोठ्या आचेवर दोन-दोन मिनिटं भाजा. खाली उरलेलं शिजवणीचं पाणी (आपल्याकडे याला अळणी म्हणतात) फेकू नका. चिमूट मिरपूड घालून वाटीत सॅलडबरोबर द्या, किंवा पांढऱ्या रश्श्याला ठेवा.

कुकरमध्ये शिजवायचं नसेल तर कच्च्या पपईचं वाटण सालीसकट 1 टेबलस्पून, 500 ग्रॅम मटणाला, 2 ते 3 तास. त्यातलं पपेन वरूनच काम करतं, म्हणून तुकडे पातळ कापा. वेळ वाढवून जाड तुकड्याचा आतला भाग मऊ होत नाही, बाहेरचा मात्र पिठूळ होतो.

प्रश्न : कांदा-लसूण चटणी लावून चिकन भाजलं की काळं आणि कडू होतं. चटणीशिवाय मात्र चव लागत नाही. (गडहिंग्लज)

उत्तर : चटणीतला कांदा, खोबरं, तीळ आणि लसूण आधीच तळले-भाजलेले असतात. तव्याची आच म्हणजे त्यांची दुसरी भाजणी, ती त्यांना सोसत नाही. मुरवणात नुसतं तिखट वापरा. मांस उतरवण्याच्या बेतात असताना 1 टेबलस्पून तेल गरम करून गॅस बंद करा, त्यात 2 टीस्पून चटणी टाका, ढवळा आणि हे तेल भाजलेल्या मांसावर चोपडा. रंग, वास, झणका सगळं जागच्या जागी राहतं. चटणीत मीठ असतं, तेव्हा मुरवणातलं मीठ पाव टीस्पूननं कमी करा.

प्रश्न : अननस नसेल तेव्हा कोणतं फळ? हापूस घातला तर त्याचा रस झाला. (इचलकरंजी)

उत्तर : पिकलेला हापूस सॅलडमध्ये कालवू नये, तो आमरसाचा मानकरी आहे. उन्हाळ्यात तोतापुरी घ्या, पिवळा पण दाबल्यावर घट्ट, किंवा पाडाला आलेला कोणताही आंबा. भाजायची गरज नाही. पपई वर्षभर मिळते, पण सालीवर नुकते पिवळे पट्टे आलेली निवडा, 2 सेंटिमीटरच्या फोडी करा आणि शेवटी वरून ठेवा, ढवळू नका. हिवाळ्यात पेरू. बियांचा गर काढून पातळ काप केले तर तो फारसं पाणी सोडत नाही, कुरकुरीत राहतो आणि भाजलेल्या मांसाबरोबर फार छान लागतो. लोक तो सॅलडसाठी निवडत नाहीत, याची हळहळ वाटते. कलिंगड टाळा, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

प्रश्न : दह्याचं ड्रेसिंग केलं, अननस घातल्यावर अर्ध्या तासात कडू झालं. दही ताजं होतं. (रुईकर कॉलनी)

उत्तर : दही निर्दोष आहे. न भाजलेल्या अननसातलं ब्रोमेलेन दह्याची प्रथिनंही तोडतं आणि त्यातून कडवट चव येते. अननस आरपार गरम होईपर्यंत भाजून, गार करून घाला. डब्यातलाही चालेल, तो तापवलेला असतो. ताज्या किवीचंही असंच होतं.

प्रश्न : गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर वीस जणांसाठी हे करायचं आहे. आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल? (शाहूपुरी)

उत्तर : 3 किलो बोनलेस लेग आणि 5 वाट्या जोंधळा लागेल. आदल्या दिवशी जोंधळा शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, ड्रेसिंग करा, तांदूळ भाजून कुटा आणि मांसाला लिंबू सोडून बाकी मुरवण लावा. लिंबू मांस भाजण्याआधी तासभर लावा. जोंधळा वाफेवर पुन्हा गरम करून मगच ड्रेसिंग कालवा, थंड दाणा ते नीट पीत नाही. फळं त्याच दिवशी कापा.

कोळसे पेटल्यावर साधारण अर्ध्या तासानं त्यांच्यावर पांढरी राख धरते, तेव्हाच जाळी ठेवा. जाळीच्या उंचीवर तळहात 3 ते 4 सेकंद धरवला तर आच बरोबर. कोळसे शेगडीच्या एका बाजूला जास्त रचा. चरबी गळून ज्वाळा उठल्या की मांस दुसऱ्या बाजूला सरकवता येतं. ज्वाळेवर धरलेलं मांस बाहेर काळं आणि आत कच्चं राहतं, विशेषतः गर्दीच्या घाईत.

कच्च्या मांसाची परात आणि चिमटा वेगळा ठेवा, भाजलेलं त्यात परत टाकू नका. मुरवणाचं उरलेलं वाटण कच्चंच वरून चोपडू नका. भाजलेलं चिकन बाहेर दोन तासांहून जास्त नको, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभराहून नको. म्हणून सगळं एकदम रचू नका. दहा-दहा जणांच्या दोन पराती करा, पहिली संपत आली की दुसरीवर ड्रेसिंग घाला. ड्रेसिंग घातलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी खाण्यासारखं राहत नाही. वेगळं उरलेलं चिकन मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी तव्यावर वाफ येईपर्यंत परतून भाकरीबरोबर चालतं.