कृष्णधवल, मोनो सिनेमाला ब्लू-रे कशाला?

तुम्ही विचारलंय की ‘१२ अँग्री मेन’सारखा १९५७ सालचा, कृष्णधवल आणि मोनो (म्हणजे एकाच वाटेने येणाऱ्या) आवाजाचा कोर्टरूम ड्रामा ब्लू-रेवर घेऊन ५.१ होम थिएटरवर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) बघण्यात काही फायदा आहे का. आहे. चित्रासाठी डिस्क बेधडक घ्या. आवाजाचं म्हणाल तर मधला एक स्पीकर बोलेल, बाकीचे गप्प बसतील. आणि त्यांनी गप्पच बसायला हवं.

एवढं ठासून सांगतोय, कारण याच सिनेमावरून आमच्या दाजींचं आणि माझं वाजलंय. दिवाळीत ताई-दाजी साताऱ्याहून आले होते. मी कौतुकाने क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची २०११ ची ब्लू-रे लावली. खटल्याचा निकाल ठरवणारे ज्युरीचे बारा जण खोलीत येऊन नीट बसलेही नव्हते, तोवर दाजी उठले आणि मागच्या स्पीकरला कान लावून म्हणाले, “अरे, हे मेलेत काय?”

“दाजी, मोनो आहे. सगळा आवाज मधूनच येणार.”

“मग बाकीच्यांचं काय लोणचं घालायचं?”

असं म्हणून त्यांनी रिमोट घेतला आणि साउंड मोडमध्ये जाऊन ‘स्टेडियम’ लावलं. झालं! ज्युरीतला एक जण झालेला ली जे. कॉब टेबलापाशी ओरडतोय आणि त्याचा आवाज आमच्या सोफ्यामागून, जत्रेतल्या कुस्तीच्या भोंग्यासारखा घुमत येतोय. या सिनेमात पार्श्वसंगीत जेमतेम आहे. जे काही आहे ते माणसांच्या आवाजात, खुर्च्या सरकण्यात आणि मधल्या पावसात. आधी जीव घेणारा उकाडा, पंखा बंद. मग अंधारून येतं, सरी कोसळतात, कोणीतरी दिवे लावतो आणि पंखा फिरायला लागतो, कारण तो दिव्याच्याच बटणावर असतो. तो पाऊस संवादांच्या मागे, दबका ऐकू यायला हवा. ‘स्टेडियम’मध्ये पाऊस आणि माणसं यांचा नुसता काला झाला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण चित्र १.६६:१ मापाचं (रुंदी उंचीच्या १.६६ पट), त्यामुळे आजच्या टीव्हीवर दोन्ही कडांना बारीक काळ्या पट्ट्या राहतात. त्याही दाजींना खुपल्या. “एवढा मोठा टीव्ही घेतलास आणि कडा रिकाम्या?” म्हणत त्यांनी चित्र ताणलं, ‘व्हिव्हिड’ लावलं, वर मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारं बटण, चालू केलं. सिनेमाचा नायक हेन्री फोंडा अंगाने भरला आणि संध्याकाळच्या मालिकेतल्यासारखा सुळसुळीत चालायला लागला.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा हा पहिला सिनेमा. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग पातळीवर आणि शेवटच्या भागात खाली. त्यासोबत लेन्स लांब लांब, म्हणजे दूरचं जवळ ओढणाऱ्या, होत गेलेल्या. म्हणून भिंती जवळ येतात आणि शेवटी शेवटी डोक्यावरचं छतही दिसायला लागतं. छायाचित्रकार बोरिस कॉफमनने मेहनतीने साधलेल्या या चौकटीशी रिमोट घेऊन खेळायचा अधिकार कुणालाच नाही, मग तो पाहुणा कितीही मानाचा असो.

चित्र स्वच्छ का हवं, तेही ऐका. चार नंबरचा ज्युरर, म्हणजे ई. जी. मार्शल, ऐटीत सांगतो की आपल्याला घाम येत नाही. पुढे फोंडा त्याची उलटतपासणी घेतो तेव्हा त्याच्या कपाळावर घाम येतो आणि तो रुमाल काढतो. नंतर तोच चष्मा काढून नाक चोळतो आणि नाकावरच्या चष्म्याच्या वळांवरून अख्खा खटला फिरतो. (सिनेमा पाहिला नसेल तर हे वाचायला नको होतं, पण आता वाचलंत.) व्हीसीडीवर ३५२ बाय २८८ ठिपक्यांत घाम काय आणि वळ काय, सगळं एकच करडं. टीव्हीचं नॉइज रिडक्शन चालू ठेवलंत तर ब्लू-रेचीही तीच गत करून घ्याल. पडद्यावर जी बारीक वाळू हलताना दिसते ती फिल्मची ग्रेन आहे, खराबी नाही. ती पुसायला गेलात की कातडीही पुसली जाते.

तेव्हा टीव्हीत फिल्ममेकर मोड (टीव्हीची लुडबुड बंद ठेवणारा) असेल तर तो लावा. नसेल तर ‘सिनेमा’ लावा, शार्पनेस अगदी खाली आणा आणि मोशन, नॉइजवाली सगळी बटणं बंद करा. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारी पेटी, ‘डायरेक्ट’वर ठेवा, म्हणजे ती आवाजात स्वतःची भर घालणार नाही. कोणी म्हणालं की पैसे वाया गेले, तर त्याला सांगा की मधला स्पीकर चांगला असणं हाच पैशांचा उपयोग आहे. अर्थात तुमचा मधला स्पीकर डबड्यासारखा वाजत असेल, तर आवाज पुढच्या डाव्या-उजव्या दोघांत वाटून दिलात तरी माझी हरकत नाही. मागच्यांना मात्र द्यायचा नाही.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. ब्लू-रे जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या ‘रीजन’वर ठरतं. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे रीजन ‘ए’ची आहे आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ‘सी’चे. मल्टीरीजन प्लेअर नसेल तर डिस्क नुसती शोभेला राहील. किनो लॉर्बर या दुसऱ्या कंपनीची नंतर आलेली ४के डिस्क घेतलीत तर ही कटकट नाही, कारण ४के डिस्कला रीजन नसतो. फक्त प्लेअर ४केचा लागतो. पण क्रायटेरियनमध्ये याच कथेचा १९५४ चा टीव्हीवर थेट प्रक्षेपित झालेला प्रयोगही आहे. तो टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेला, म्हणून अंधुक आहे. त्याची मात्र तक्रार करू नका.