चंद्राच्या दगडाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय? आधी डबी आणि लेबल सांभाळा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मुलीच्या वाढदिवसासाठी परदेशातून चांद्र अशनीची, म्हणजे चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेल्या दगडाची, लहानशी चकती मागवलीत, पार्सल अडकलंय, आणि वर "हा दगड चंद्रावरचाच कशावरून?" अशी विचारणा आली आहे. मलाही हाच प्रश्न जवळपास याच शब्दांत विचारला गेला होता. मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला, अशनी जमवतोय त्याला बरीच वर्षं झाली. मी वकील नाही आणि कस्टमचा एजंटही नाही. जे भोगलं ते सांगतो, त्यातलं पटेल ते घ्या.

बिल, पॅन, केवायसी हे सगळं तुम्ही दिलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझ्या पार्सलमध्ये तीन चकत्या होत्या. तिन्ही 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' मालिकेतल्या (सहारात सापडलेल्या अशनींना असं नाव आणि नंबर देतात), पण वेगवेगळ्या नंबरांच्या. करड्या मातकट रंगात पांढरे ठिपके, म्हणजे फेल्डस्पार या फिकट खनिजाचा ब्रेचिया (तुकडे एकत्र सांधून बनलेला दगड), आणि दिसायला एकमेकींच्या बहिणी. ज्या कार्यालयात पार्सल थांबलं त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी आधी लोहचुंबक लावलं. चिकटलं नाही, तर "अशनीत लोखंड असतं, यात नाही" असा शेरा मारला. साध्या कॉन्ड्राइटला, म्हणजे सर्वात जास्त आढळणाऱ्या दगडी अशनीला, चुंबक ओढतं, कारण त्यात लोह-निकेलचे धातूरूप कण असतात. चंद्राच्या कवचाच्या दगडात असा धातू फारच थोडा. त्यामुळे चुंबक जेमतेम लागणं किंवा न लागणं हे चांद्र दगडाच्या विरोधात जातच नाही. हे मी लेखी दिलं. उत्तर आलं नाही.

मग तपासणी झाली. अहवाल आला: "नैसर्गिक दगड, मुख्यतः फेल्डस्पार." चूक काहीच नाही, पण उपयोगही नाही. चंद्र आणि पृथ्वी यांचे ऑक्सिजनचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे अणू) जवळजवळ सारख्याच प्रमाणात असतात, त्यामुळे तो एक आकडा पाहून निवाडा होत नाही. पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन या खनिजांत लोह हे मँगनीजच्या किती पट आहे ते गुणोत्तर मोजावं लागतं. चंद्राच्या दगडात ते ७० च्या आसपास येतं, पृथ्वीवरच्या दगडात बरंच कमी. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं, टेबलावरचं भिंग आणि चुंबक पुरत नाही.

पण खरं नुकसान याने झालं नाही. ते झालं तपासणीनंतर सामान परत भरताना. पारदर्शक पडद्याच्या तीन डब्या कुणीतरी उघडल्या, तिन्ही चकत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, आणि लेबलं स्टेपल करून बिलाला लावली. मी बोललो तर म्हणाले, "माल पूर्ण आहे ना, मोजून घ्या." माल पूर्णच होता. पण चांद्र अशनीचा नंबर म्हणजे जमिनीचा सातबारा. तो तुकड्यापासून सुटला की हातात नुसती माती उरते. संग्राहक कुठलाही करडा दगड विकत घेत नाही. अमुक नंबरचा, अमुक प्रयोगशाळेने वर्गीकरण केलेला दगड तो घेतो.

एक चकती वाचली ती फोटोमुळे. ब्रेचियातले पांढरे तुकडे कुठल्याही दोन चकत्यांत सारखे बसत नाहीत, आणि विक्रेत्याने तिचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेले होते. बाकी दोघींचा फोटो ढिगातला, वजन बिलावर एकत्र. त्या आजही "चांद्र, नंबर अनिश्चित" अशा चिठ्ठीसह माझ्या कपाटात आहेत. त्या मी कधी विकणार नाही आणि कुणी विकूही नयेत असं माझं मत आहे. या गोष्टीचा राग अजून जात नाही. त्या कार्यालयाला दोन मिनिटं जास्त लागली असती, बस.

म्हणून तुम्ही आजच दोन कामं करा. विक्रेत्याकडून चकतीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि मिलिग्रॅमपर्यंतचं वजन मागवा. आणि कार्यालयाला लेखी अर्ज द्या की तपासणी तुमच्या समोर व्हावी आणि डबी व लेबल वेगळं करू नये. सोबत मीटिऑरिटिकल बुलेटिनच्या, म्हणजे अशनींच्या अधिकृत नोंदवहीच्या, डेटाबेसमधलं त्या नंबरचं पान छापून जोडा. ते कुणालाही फुकट पाहता येतं. वर्गीकरण कुणी केलं, एकूण वजन किती, प्रमाण नमुना कुठे ठेवलाय, सगळं त्यात असतं. अशनीचं नाव तिथे मंजूर व्हायला २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढा नमुना संस्थेकडे जमा करावा लागतो, त्यामुळे मागे खरा दगड असतो. विक्रेत्याच्या सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्राला त्याच्यापुढे मी काडीची किंमत देत नाही. कस्टमच्या दरसूचीत खनिज संग्रहाच्या वस्तू ९७०५ या शीर्षकाखाली येतात, त्याचा उल्लेख करा. दर बदलतात, ते एखाद्या कस्टम ब्रोकरला विचारा.

हा नाद मी का सोडला नाही, तेही सांगतो. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, ती सगळी चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूची, आणि ती अमेरिकी सरकारची मालमत्ता. "अपोलोची धूळ" विकणाऱ्याकडे फिरकूही नका. अशनी मात्र आघातात उडालेले, चंद्राच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतात, पलीकडच्या बाजूचेही असू शकतात. अंटार्क्टिकात १९८२ मध्ये सापडलेला ॲलन हिल्स ८१००५ हा चांद्र म्हणून ओळखला गेलेला पहिला. तिथले दगड बाजारात येत नाहीत, आपल्याला मिळतात ते बहुतेक सहारातले. २०२० मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने साडेतेरा किलोचा एक दगड २० लाख पौंडांना विक्रीला काढला होता. तरी तुमच्यासारखीला अर्धा ग्रॅमही पुरतो. मुलीला त्यातले पांढरे ठिपके दाखवा आणि सांगा की तो मुख्यतः फेल्डस्पारचा दगड, म्हणजे अ‍ॅनॉर्थोसाइट आहे. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान या गाडीवर अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेने बनवलेलं उपकरण होतं, त्यानेही दक्षिणेकडच्या मातीत याच जातीच्या दगडाची रचना मोजली.

जाता जाता: पावागढच्या पायथ्याशी सापडलेला काळा दगड किंवा मकरपुऱ्याच्या फाउंड्रीतली धातूची मळी कुणी चंद्राची म्हणून आणली तर पैसे देऊ नका. गुजरातेतल्या धजाळा (१९७६) किंवा दियोदर (२०२२) इथे पडलेल्या अशनींचा तुकडा कुणी देऊ केला तरी हात लावू नका. देशात पडलेले अशनी जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे जायला हवेत.

पार्सल सुटलं की फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा. डबी आपल्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा. चांद्र दगड कॉन्ड्राइटसारखा गंजत नाही, पण लेबलाची शाई मात्र दमट हवेत पसरते, म्हणून नंबर पेन्सिलने लिहिलेली दुसरी चिठ्ठीही आत टाका.