कंपनीच्या ईमेलची किल्ली कोणाकडे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न विचारणारे बदलतात, गोंधळ तोच राहतो. डोमेन, वेबसाइट आणि ईमेल हे सगळे एकच, असे समजून लोक एकाच माणसाला पैसे देतात आणि पुढे अडकतात. डोमेन म्हणजे तुमचे नाव. डीएनएस म्हणजे त्या नावाची पत्त्यांची वही. वेबसाइट कुठे आहे आणि मेल कुठे पोहोचवायचा, हे त्या वहीतले दोन वेगळे पत्ते आहेत आणि ते दोन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात. हे लक्षात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार आहे. दहा वर्षे साध्या जीमेलवर काम चालले आहे. कंपनीच्या नावाचा ईमेल घेऊन नेमका फायदा काय?

ते जीमेल खाते ज्याच्या मोबाइल नंबरवर उघडले आहे, तो माणूस उद्या काम सोडून गेला, तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या हातात राहतो. कंपनीच्या डोमेनवर असे होत नाही. खाते उघडणे, बंद करणे, पासवर्ड बदलणे हे सगळे मालकाच्या अ‍ॅडमिन पॅनेलवरून होते आणि कोणी कुठून लॉगिन केले तेही दिसते. शिवाय ऑर्डर, हिशेब, चौकशी असे कामाचे पत्ते करता येतात. एकाच शेअर्ड मेलबॉक्सवर तिघे आपापल्या पासवर्डने बसतात, त्यामुळे एक जण सुट्टीवर गेला तरी ऑर्डर पडून राहत नाही. फुकट जीमेलची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह धरून असते. ती भरली की येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

चार माणसांच्या पेढीने दहा खाती विकत घेऊ नयेत. चार खाती घ्या, बाकीचे पत्ते एलियस म्हणून, म्हणजे त्याच खात्याचे जादा पत्ते म्हणून, जोडा. बहुतेक सेवांत एलियसला वेगळे पैसे पडत नाहीत. जुना जीमेल लगेच बंद करू नका, वर्षभर तो नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करा.

मेल वाचण्याच्या सेटिंगमध्ये पीओपी ठेवावे की आयमॅप?

आयमॅप, पोर्ट (सर्व्हरचे ठरलेले दार) ९९३. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो. पीओपी बहुतेक वेळा मेल संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकते, म्हणजे ती हार्डडिस्क गेली की मेल गेले.

हिंगणा एमआयडीसीत कारखाना आहे, २५ कर्मचारी. विक्रेता म्हणतो, ऑफिसातच स्वतःचा मेल सर्व्हर बसवा, एकदाच खर्च, दरमहा भाडे नाही. बसवावा का?

‘एकदाच खर्च’ हे विकण्यापुरते वाक्य आहे. मेल सर्व्हर म्हणजे चोवीस तास सुरू ठेवायचे यंत्र. त्याला काय काय लागते ते विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा आकडी पत्ता. त्या आयपीला इंटरनेट पुरवणाऱ्याकडून पीटीआर नोंद, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद. ती नसेल तर मोठे सर्व्हर तुमचा मेल दारातूनच परत पाठवतात. पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, उघडे हवे; साध्या ब्रॉडबँडवर ते बऱ्याचदा बंद असते आणि तसले आयपी स्पॅमहाउस या स्पॅमरोधी संस्थेच्या यादीत आधीच नोंदलेले असतात. दुसऱ्या कंपनीची राखीव इंटरनेट लाइन, वेळेवर नूतनीकरण होणारे टीएलएस प्रमाणपत्र (मेलची वाहतूक सुरक्षित करणारे), आणि ऑफिसबाहेर ठेवलेला रोजचा बॅकअप. हार्डडिस्कची रेड जोडी, म्हणजे एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणे, हा बॅकअप नव्हे. फाइल चुकून पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते.

आता आपल्या नागपूरच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रविवारी कारखाना बंद, एसी बंद. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते आणि ते वीज गेल्यावरच कळते.

सॉफ्टवेअरकडेही पाहा. मायक्रोसॉफ्टचे मेल सॉफ्टवेअर एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या दोहोंपैकी काही ‘स्वस्तात’ देऊ करत असतील तर घेऊ नका. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची जोडी फुकट आणि भक्कम आहे, पण ती सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही.

२५ जणांसाठी माझे मत स्पष्ट आहे: क्लाउडवरची सशुल्क सेवा घ्या. डेटा आपल्याच ताब्यात हवा अशी ग्राहकाची लेखी अट असेल तर डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर पाहा. त्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला दोन तासांचे पैसे देऊन तीन वर्षांचा हिशेब मांडून घ्या.

सर्व्हर दिवसभर बंद पडला तर त्या दिवसाचे मेल कायमचे गेले का?

सहसा नाही. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. मात्र सर्व्हर सुरू असून मेलबॉक्स भरलेला असेल तर मेल बऱ्याचदा लगेच परत जातो.

धंतोलीत आमचे छोटे रुग्णालय आहे. वेबसाइट करणाऱ्यानेच सहा वर्षांपूर्वी डोमेन आणि ईमेल घेऊन दिले. आता तो फोन उचलत नाही. डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपते असे कळले. नवीन डोमेन घेतले तर चालेल ना?

चालणार नाही. या स्तंभातले हे एक उत्तर सगळ्यांनी वाचावे अशी माझी विनंती आहे.

डोमेनची मुदत संपली की फक्त वेबसाइट बंद पडत नाही, डीएनएस बंद पडतो आणि मेलही थांबतो. डॉट कॉम असेल तर साधारणतः रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) नियमाप्रमाणे काही दिवसांची सवलत मिळते, पुढे ३० दिवसांचा रिडेम्पशन काळ येतो. त्यात डोमेन परत मिळते, पण नेहमीच्या दरापेक्षा बरेच जास्त शुल्क भरून. त्यानंतर ५ दिवसांनी नाव मोकळे होते आणि जगात कोणीही ते विकत घेऊ शकतो.

खरा धोका इथून सुरू होतो. नवा मालक त्या डोमेनवर स्वतःची एमएक्स नोंद, म्हणजे मेल पोहोचवायचा पत्ता, टाकतो. तुमच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेला प्रत्येक मेल आता त्याच्याकडे जातो: रुग्णांचे रिपोर्ट, विमा कंपन्यांचे क्लेम, पुरवठादारांची बिले. त्याला तुमचा पासवर्डही लागत नाही. जीएसटी, बँक, विमा यांपैकी कुठल्या पोर्टलवर तो जुना पत्ता नोंदलेला असेल, तर ‘पासवर्ड विसरलो’ दाबले की दुवा त्याच्या हाती पडतो. नवीन डोमेन घेऊन हे थांबत नाही. जुने नाव आपल्याकडे ठेवणे हाच उपाय.

आज करायचे काम असे. सार्वजनिक हूइज (whois) तपासणीत डोमेनचे नाव टाका. रजिस्ट्रार कोण आणि मुदतीची नेमकी तारीख तिथे दिसेल. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. त्या रजिस्ट्रारला लेखी तक्रार करा. सोबत रुग्णालयाचे नोंदणीपत्र, वेबसाइटवाल्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि ज्यात त्याने डोमेनचा उल्लेख केला असे जुने मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडा. काही रजिस्ट्रार मालकी न बदलताही कोणाकडूनही नूतनीकरणाचे पैसे घेतात. तशी सोय असेल तर आधी एक वर्ष वाढवून घ्या आणि मग मालकीचा वाद करा. वेबसाइटवाल्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. डॉट इन असेल तर ती नावे सांभाळणाऱ्या निक्सी संस्थेच्या वादनिवारण प्रक्रियेचा मार्ग आहे, पण तो वेळखाऊ आहे आणि वकिलाशिवाय जाऊ नये. एक महिना हातात आहे, त्यातला आठवडा फोन लावण्यात घालवू नका.

ज्यांचे डोमेन अजून शाबूत आहे त्यांनी आज संध्याकाळी चार गोष्टी पाहाव्यात. रजिस्ट्रारच्या खात्याचे लॉगिन मालकाकडे आहे का. नोंदणी संस्थेच्या नावावर आहे का. ऑटो रिन्यू चालू आहे का आणि त्यावरचे कार्ड मुदतीत आहे का. आणि सगळ्यात जास्त हुकणारी गोष्ट: त्या खात्याचा रिकव्हरी ईमेल त्याच डोमेनवर तर नाही ना? डोमेन बंद पडले तर ते सोडवण्याचा ओटीपी त्याच बंद पत्त्यावर जाईल. रिकव्हरीला वेगळा पत्ता द्या. नवे काम देताना ‘होस्टिंगसोबत डोमेन फुकट’ ही जाहिरात ऐकली की एकच प्रश्न विचारा: नोंदणी कोणाच्या नावावर होणार? ते करारात लिहून घ्या.

आमचे कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाते. होस्टिंगवाला म्हणतो नवीन आयपी विकत घ्या, मग ठीक होईल. (वाडी, वाहतूक व्यवसाय)

निदान न करता औषध विकण्याचा हा प्रकार आहे. आधी कारण शोधा. स्वतःच्याच एखाद्या जीमेलवर एक कोटेशन पाठवा, संगणकावर ते उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर तीन ओळी दिसतील: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. तिन्हींपुढे ‘पास’ हवे.

एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. ती एका डोमेनला एकच असते. होस्टिंग बदलताना जुनी नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी टाकलेली वारंवार सापडते. दोन नोंदी असल्या की तपासणीत चूक निघते आणि दोन्ही निकामी होतात. यादीतली नावे तपासण्यासाठी डीएनएसमध्ये कराव्या लागणाऱ्या चौकश्या १० पेक्षा जास्त होऊ नयेत, हाही नियम आहे. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. त्यासाठी २०४८ बिटची की घ्या. ही सही पॅनेलमध्ये सुरू करावी लागते आणि तीच राहून जाते. डीमार्क सांगतो की तपासणीत नापास मेलचे काय करायचे. सुरुवात ‘नन’ने (काहीही अडवू नका) करा, रिपोर्टसाठी एक पत्ता द्या. तीन-चार आठवडे रिपोर्ट पाहिल्यावर वेबसाइटचा चौकशी फॉर्म किंवा बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या नावाने परस्पर मेल पाठवते का ते कळेल. ते सुधारून मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी ‘रिजेक्ट’ (परत पाठवा) करा. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ केले तर स्वतःचीच बिले अडतील.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या संख्येने (गुगलच्या लेखी दिवसाला जीमेलवर ५००० किंवा अधिक) मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितले आहे. तुम्ही इतके मेल पाठवत नसाल, तरी विकत घेतलेल्या यादीवर दिवाळीच्या शुभेच्छा धाडल्या असतील तर नाव खराब होते. तिन्ही ‘पास’ असूनही मेल स्पॅममध्ये जात असेल तर मग आयपी काळ्या यादीत आहे का ते पाहा. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एकच आयपी शेकडो वेबसाइट वापरतात. डीएनएसला हात लावण्यापूर्वी सध्याच्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. आणि बदल जाणकाराकडूनच करून घ्या. एमएक्स चुकला तर येणारे मेलही बंद होतील.

२२ एमबीचे ड्रॉइंग जात नाही. मर्यादा तर २५ एमबीची आहे.

मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, २२ चे २९ होतात. १८ एमबीच्या वरची फाइल ड्राइव्हवर टाकून दुवा पाठवा.

बुटीबोरीतून निर्यात करतो. परदेशी ग्राहकाने पैसे भरले, पण ‘आमच्याच’ मेलमधून आलेल्या नवीन बँक खात्यात. चार दिवस झाले. मेल सर्व्हर बदलावा का?

चार दिवस फार झाले. सर्व्हरचे नंतर बघा. ग्राहकाला आत्ता फोन करा, त्याने स्वतःच्या बँकेला लेखी कळवून रक्कम परत बोलावण्याची विनंती करावी आणि त्याच्या देशातील पोलिसांत तक्रार करावी. तुम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, नागपूरच्या सायबर पोलीस ठाण्यात जा, बँकेला कळवा. कंपन्यांना सायबर घटना ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची असते, हा नियम २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे.

एकही मेल पुसू नका. बनावट मेल फॉरवर्ड करू नका, मूळ हेडरसह (मेल कुठून कसा आला याची नोंद) फाइल म्हणून जपा. मग मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. चोर बहुधा आठवडाभर आत बसून पत्रव्यवहार वाचतो आणि ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेला मेल बाहेर पाठवून इनबॉक्समधून लपवणारा नियम लावून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. नियम काढा, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. तुमच्या बाजूला काही सापडले नाही तर पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे एकेक अक्षर पाहा. ‘एम’च्या (m) जागी ‘आर’ आणि ‘एन’ (rn) शेजारी ठेवले तर नजर सहज फसते. ग्राहकाचाच मेलबॉक्स फुटलेला असू शकतो, म्हणून दोष मान्य करणारे काहीही लेखी देण्यापूर्वी वकिलाला विचारा.

क्लाउडवर आहे, मग बॅकअप कशाला?

कंपनी तिचे यंत्र बिघडण्याची काळजी घेते, तुमचा माणूस मेल पुसण्याची नाही. जीमेलचा ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो. गुगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठीच्या सशुल्क सेवेत, त्यानंतर अ‍ॅडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. पुसून टाकलेले संपूर्ण खाते मात्र २० दिवसांतच परत आणता येते. म्हणून नोकरी सोडलेल्याचे खाते लगेच पुसायचे नसते: पासवर्ड बदला, साइन आउट करा, मेल वरिष्ठाकडे वळवा, पूर्ण प्रत काढून तपासा, मग खाते काढा. कोर्टकचेरीची शक्यता असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते. खाते काढण्याआधी वकिलाला दाखवा.

देवनागरीत ईमेल पत्ता मिळतो का?

मिळतो, डॉट भारत डोमेनवर. पण समोरच्याच्या सर्व्हरनेही तो स्वीकारायला हवा आणि सगळे स्वीकारत नाहीत, म्हणून सोबत रोमन लिपीतला एलियस ठेवा.