विहिरीत लागलेल्या वाळूचं वय ल्युमिनेसन्सने निघेल का?

औदुंबरजवळच्या मळीत विहीर खोदताना पोयट्याखाली वाळूचा जाड थर लागला. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातल्या वाळूचं वय ल्युमिनेसन्सने, म्हणजे कणांच्या चमकेवरून काढतात, तसं याचं निघेल का, आणि पिशवीत भरलेली वाळू पाठवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पिशवीतल्या वाळूचा वयासाठी उपयोग नाही. उन्हात काढली तेव्हाच तिच्यातली नोंद पुसली गेली. पण विहिरीची भिंत शाबूत आहे, म्हणजे थर हाताशी आहे.

नोंद कसली, ते सांगतो. माती-वाळूत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम थोड्या प्रमाणात असतात. त्यांचे किरण आणि वरून येणारे वैश्विक किरण गारगोटीच्या कणावर सतत पडतात. त्यामुळे सुटलेले काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात. कण अंधारात गाडलेला आहे तोवर हा साठा ठिबकत्या नळाखालच्या घागरीसारखा भरत जातो, आणि कणाला ऊन लागलं की रिकामा होतो. प्रयोगशाळेत कणावर निळा प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण अतिनील प्रकाशात क्षीण चमकतो. त्या चमकेवरून साठलेली किरणांची मात्रा काढायची आणि त्या जागी वर्षाला किती मात्रा मिळते त्याने भागायचं. समजा 30 ग्रे (हे मात्रेचं एकक) साठलेत आणि हजार वर्षांना 2 ग्रे मिळतात, तर थर 15 हजार वर्षांपूर्वी झाकला गेला. खडकाचं वय यातून कळत नाही, शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. ही पद्धत हंटली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडली. मरे आणि विंटल यांनी 2000 मध्ये बसवून दिलेली मोजणीची रीत आज बहुतेक ठिकाणी वापरतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. सातारा-सांगलीचा सगळा कृष्णाकाठ काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा सगळ्या त्याच खडकातून येतात आणि बेसॉल्टमध्ये मूळचा गारगोटीचा कण जवळजवळ नसतोच. पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोटीचे आणि अकीकाचे तुकडे नदीत सापडतात, पण ते चांगली चमक देतीलच असं नाही. पुढे कर्नाटक-तेलंगणात नदी ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांच्या मुलखातून जाते, तिथे तिच्या वाळूत भरपूर गारगोटी येते. म्हणून मुखाकडचे निष्कर्ष वाचून आपल्या थराबद्दल अंदाज बांधू नका. नदी एकच असली तरी वाळू वेगळी आहे.

मग उरतो फेल्डस्पार, खडकांत सर्रास सापडणारं दुसरं खनिज. तो इन्फ्रारेड प्रकाशाने मोजतात. पण ज्वालामुखी खडकांतल्या फेल्डस्पारमध्ये साठा ऊन न लागताही हळूहळू गळतो. विंटल यांनी 1973 मध्ये लाव्हातल्या खनिजांवरच हा दोष दाखवला होता. त्याने वय खऱ्यापेक्षा कमी येतं. जास्त तापमानाला मोजणी केली की गळती बरीच कमी होते. म्हणून प्रयोगशाळेला पहिला प्रश्न हाच विचारा, की बेसॉल्टच्या वाळूवर त्यांनी काम केलंय का.

दुसरा घोळ पुराचा. गढूळ पाण्यात निळा प्रकाश खोलवर पोचत नाही. काठ ढासळून आलेले कण रात्रीच्या पुरात वाहून लगेच गाडले गेले, तर जुना साठा तसाच राहतो आणि वय जास्त दिसतं. मुखाजवळ समुद्रकाठी लाटांनी उधळलेल्या वाळूच्या ओळींना भरपूर ऊन मिळतं, त्यामुळे किनारा कसा पुढे सरकला हे तिथे चांगलं वाचता येतं. आपल्याकडे एक उत्तम तपासणी आहे. 2019 च्या महापुराचा गाळ जिथे हललेला नाही, तिथला एक नमुना सोबत द्या. त्याचं वय शून्याच्या जवळ यायला हवं. शेकडो वर्षं आलं, तर मूळ नमुन्यातही तेवढी खोट धरून चालावं लागेल.

नमुना घेताना भिंतीचा वरचा पापुद्रा खरवडा आणि एका तोंडाला टोपण असलेला लोखंडी पाईप वाळूत सरळ ठोका. काढल्याबरोबर दुसरं तोंड काळ्या प्लास्टिकने घट्ट बांधा. आतली वाळू हलता कामा नये, म्हणून पाईप गच्च भरलेला हवा. दोन्ही टोकांची वाळू प्रयोगशाळा काढून टाकते, मधली लाल उजेडात उघडते. शेजारची थोडी माती वेगळ्या पिशवीत हवाबंद करा, कारण ओल मोजावी लागते. ओल अंदाजे एक टक्का चुकली की वयही साधारण एक टक्का चुकतं. विहिरीत आता पाणी किती चढलंय यापेक्षा हजारो वर्षांत तो थर सरासरी किती ओला होता, हे ठरवणं अवघड असतं. त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यातली पाणीपातळी लिहून पाठवा.

भिंतीत शिंपले किंवा कोळशाचे तुकडे दिसले तर ते फॉइलमध्ये गुंडाळून थराची खोली लिहून ठेवा. रेडिओकार्बनने साधारण 50 हजार वर्षांपर्यंतचं स्वतंत्र वय निघतं, आणि बेसॉल्टच्या वाळूसाठी असा दुसरा साक्षीदार असला तर फारच बरं. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि देहरादूनची वाडिया संस्था इथे या विषयावर जुनं काम आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये नदीकाठच्या थरांची जाण असलेली मंडळी भेटतील, आधी त्यांना फोटो दाखवा. बांधकाम सुरू व्हायच्या आत हे करा. एकदा भिंतीला दगड बसले की तो थर बंद झाला.