आधी पाय, मग बटण

बाई, लहान मुलांना रोबोला हुकूम द्यायला शिकवायचं, तर पहिल्या दिवशी रोबो पेटीतच राहू दे. जमिनीवर खडूने चौकोन आखा. एक मूल रोबो, दुसरं हुकूम देणारं. मग बी-बॉट, म्हणजे पाठीवर बटणं असलेला मधमाशीसारखा छोटा रोबो, काढा. तो एका दाबात 15 सेंटीमीटर सरकतो, पण वळतो जागच्या जागी, 90 अंशांत. मुलं इथेच फसतात. त्यांना वाटतं, वळला म्हणजे पुढेही गेला. त्यावर खुशाल दोन तास घालवा.

नवख्यांच्या चुका:
- हुकुमांचा जुना क्रम न पुसता नवा देणं; मग रोबो दोन्ही चालवतो. (मीही रोबो बिघडला म्हणून परत पाठवायला निघाले होते!)
- एका रोबोभोवती दहा मुलं. तीन पुरेत.
- चुकलं की आपणच बटण दाबणं.

जमलं की चौकोनांवर मांडवी नदी काढा आणि पणजीहून बेतीला फेरीबोट न्यायला सांगा. सेन्सरचं गणेश चवथीनंतर बघू.