वाचकांचे प्रश्न: पास्ता ए फाजोली बरबटीची केली तर चालंल का?

प्रश्न : ताई, पोरीनं मोबाइलवर इटलीच्या पास्ता ए फाजोलीचा (दाण्याच्या रश्श्यातला पास्ता) व्हिडिओ दाखवला, आता तिला तेच पायजे. त्यात बोर्लोटी नावाचे दाणे सांगतात, ते आमच्या आठवडी बाजारात कुठं भेटणार? राजमा टाकू का बरबटी? आणि चीज, मांस बी लागते म्हणे, आमच्या घरी तर माळ आहे.
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, बिनधास्त बरबटी टाका. राजमा, बोर्लोटी, पांढरे कॅनेलिनी हे सगळे एकाच जातीचे दाणे, मूळचे अमेरिका खंडातले, 1492 नंतर युरोपात गेले. त्याच्या आधी इटलीतले लोक खायचे ती बरबटीच, म्हणजे आपली चवळी. उंब्रिया भागात त्रासिमेनो तळ्याच्या काठानं तिची एक बारीक जात आजही पेरतात. म्हणून तुमच्या शेताच्या धुऱ्यावरची बरबटी या पदार्थात परकी नाही, उलट राजम्याहून जुनी आहे.

आणि हा पदार्थ हॉटेलातला नाहीच मुळी, गरीब शेतकऱ्याच्या घरचा आहे. मांस परवडत नसे तिथं दाणे आणि गहू मिळून पोट भरायचं, आपलं वरणफळ जसं. मांस टाकलंच तर चवीपुरतं, डुकराच्या चरबीचा किंवा कातडीचा एखादा तुकडा, तो नसला तरी काही अडत नाही. चीजचं मात्र लक्षात ठेवा, अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध जमवणाऱ्या अर्कानं) जमवतात, म्हणजे माळकरी घरात ते चालणारच नाही. त्याच्या बदल्यात महागाचं दुसरं चीज आणायच्या भरीस पडू नका. लसूण चांगला तांबूस होऊ द्या, भेदरं (टमाटे) तेल सुटेपर्यंत परता, तिथंच खरी चव येते.

चार माणसांना पाव किलो बरबटी रात्री भिजवा, सकाळी मऊ शिजवा, शिजवलेलं पाणी फेकू नका. कढईत तेलावर कांदा, गाजर बारीक चिरून मंद आचेवर परता (ते लोक सेलरी टाकतात, आपण सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) कोवळ्या काड्या टाकू, पण वरून सांभार भुरभुरवू नका, या चवीत तो बसत नाही), मग लसूण, दोन भेदरं, थोडी लाल मिरची. गरम मसाला नको, कळकळून सांगते, दाण्याची चव मरते. आता मुख्य गोष्ट : शिजलेल्या दाण्यातले अर्ध्याच्या आसपास घोटून घ्या आणि बाकीचे अख्खे ठेवा, घट्टपणा त्या घोटलेल्या दाण्यानं येतो, मैदा नाही की साय नाही. दाण्याचं पाणी ओता, उकळी आली की 150 ग्रॅम पास्ता त्याच रश्श्यात शिजवा, वेगळा उकळून टाकला तर पास्त्याला दाण्याची चव लागत नाही.

पास्ता कुठला, तर छोटा. तालुक्याच्या दुकानात मॅकरोनी भेटते ती चालते, लांब शेवया असल्या तर मोडून टाका. नेपल्समध्ये तर वेगवेगळ्या आकाराचा उरलासुरला पास्ता एकत्र करूनच हा पदार्थ होतो, आणि इतका घट्ट करतात की चमचा उभा राहावा, कुणी त्यात समुद्रातले शिंपलेही टाकतात. वर उत्तरेत व्हेनेतो भागात लामोन गावचे दाणे नावाजलेले, 1996 पासून त्यांना युरोपियन भौगोलिक मानांकन आहे, तिकडं दाणे घोटून दाट रस्सा करतात. तोस्कानात पांढरे दाणे, रोजमेरी आणि वरून कच्चं ऑलिव्ह तेल. म्हणजे एकच रेसिपी खरी असं तिकडंही कोणी म्हणू शकत नाही.

घरी बन्सी गहू असंल तर पास्ता विकत आणूच नका. पास्ताही ड्युरम गव्हाचाच असते आणि आपला बन्सी त्याच जातीचा. कणीक घट्ट मळा, पातळ लाटा, वाकडेतिकडे तुकडे कापून उकळत्या रश्श्यात सोडा, एमिलिया भागातल्या बाया असेच तुकडे टाकतात. शेवटी ताटात कच्च्या जवसाच्या तेलाची धार सोडून पाहा. ऑलिव्हची चव नाही येणार, जवसाचीच येईल, पण मला ती जास्त आवडते.

प्रश्न : राजमा टाकला पण सात शिट्या होऊनही दाणा कडकच राहिला. असं काहून होते?
— एक वाचक, वरुड

उत्तर : तुमच्याकडे बोअरचं पाणी असंल, बहुतेक तेच कारण. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीत धरून बसते आणि साल मऊ होऊ देत नाही. जुना दाणा असंल तर अजून वाईट. भिजवताना 1 लिटर पाण्यात 2 छोटे चमचे मीठ घाला, सकाळी ते पाणी फेकून दाणे धुवा, शिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका. भेदरं दाणा मऊ झाल्यावरच, आंबट पडलं की दाणा अडून बसते.

अन् एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, चुलीवर मंद आचेवर लाल राजमा कधीच शिजवू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असते, ते मंद आचेत जात नाही, उलट्या-जुलाब होतात. आधी निदान 10 मिनिटं खळखळ उकळी, मग पुढचं. कुकरमध्ये पूर्ण शिजवला तर काळजी नाही. बरबटीला मात्र ही भानगड नाही, म्हणून लेकराबाळांच्या घरी मी बरबटीच सुचवते.

प्रश्न : उरलेला पास्ता ए फाजोली दुसऱ्या दिवशी गोळा झाला, फेकून द्यावा का?
— एक वाचक, चांदूर बाजार

उत्तर : फेकू नका ना बाप्पा! पास्ता रात्रभर रस्सा पितो म्हणून असं होते. गरम पाणी घालून मंद आचेवर हलवत राहा, चव उलट मुरलेली लागते. पण शिळं ठेवायचं आधीच ठरलं असंल तर दाण्याचा रस्सा तेवढा ठेवा, पास्ता सकाळी ताजा टाका.