बोअरच्या पाण्यावरचा गिझर : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा : सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी, चार वर्षं वापरलेला १५ लिटरचा गिझर, पाणी नीट तापत नाही, तापताना खडखड आवाज येतो, सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, आणि मेकॅनिक म्हणतो की नवीनच घ्या.

आतली टाकी फुटली असेल तरच नवा घ्या. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा), कटआउट (फार तापलं तर वीज तोडणारा), गॅस्केट (जोडातलं रबर), सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) हे सगळं बदलता येतं. फुटलेली टाकी मात्र वेल्डिंगने टिकत नाही, कारण त्या उष्णतेने आतला काचेचा लेप त्या जागी जळून जातो आणि शेजारीच नवं भोक पडतं.

आधी तांबूस पाण्याचं बघा. त्याच बाथरूमच्या थंड नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या मगात घ्या. तेही तांबूस असेल तर गंज लाइनमध्ये किंवा वरच्या टाकीत आहे, गिझरचा काही दोष नाही. फक्त गरम पाणीच तांबूस येत असेल तर ॲनोड रॉड संपला असण्याची शक्यता सर्वात जास्त. ही मॅग्नेशियमची कांडी टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः गंजते आणि टाकी वाचवते. ती संपली की गंज थेट टाकीला लागतो. बोअरच्या पाण्यात ती भराभर झिजते, तरीही सर्व्हिसिंगच्या वेळी ती कोणी बाहेर काढून बघत नाही, आणि बहुतेक गिझर लवकर जातात ते यामुळेच. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ती काढून बघाच. जाडी निम्म्यावर आली असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियमचा रॉड घाला.

खडखड आवाज क्षारांचा. जड पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट एलिमेंटवर आणि तळाशी बसतं. थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफ फुटते, तोच आवाज. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवला तर थर फार वेगाने वाढतो. ५५ ते ६० पुरेसं आहे.

क्षार बसले म्हणून एलिमेंट वीज कमी घेतो असं नाही. २ किलोवॅटचा एलिमेंट १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर साधारण २१-२२ मिनिटांत नेतो, त्याला जवळपास ०.७ युनिट लागतं. पाणी कोमटच राहत असेल तर बहुतेकदा थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षार जमून तिथलं पाणी आधी तापतं आणि तो लवकर बंद होतो. दुसरं कारण व्होल्टेज : २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले की २ किलोवॅटचे दीडच उरतात. एलिमेंट तपासायचा तर तारा सोडवून मल्टिमीटर लावा. २ किलोवॅटला २६ ओहमच्या आसपास रीडिंग हवं. मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) टर्मिनल ते बॉडी एक मेगाओहमपेक्षा कमी दिसलं तर तो एलिमेंट तसाच वापरू नका. ‘थोडासा करंट लागतो’ म्हणून दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

सफाई अशी. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा आणि पाणी थंड होऊ द्या. इनलेटचा कॉक बंद करून गरम नळ उघडा. एवढ्याने उभा गिझर रिकामा होत नाही, कारण गरम पाण्याची आतली नळी टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. नळ उघडायचा तो हवा आत यावी म्हणून. पाणी काढायचं सेफ्टी व्हॉल्व्हच्या खटक्याने, नाहीतर इनलेटची जोडणी सोडून. खालचं झाकण काढल्यावर तारांचा फोटो घ्या, थर्मोस्टॅट ओढून काढा, फ्लँजचे (एलिमेंट धरणाऱ्या गोल चकतीचे) नट सोडवा. एलिमेंट बाहेर आला की तळातला गाळ हाताने काढा. स्क्रू ड्रायव्हरने टाकी खरवडू नका, काचेचा लेप उडतो आणि तिथूनच गंज धरतो. एलिमेंट लिंबूसत्त्वात भिजवा, लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, तासभर. टर्मिनल कोरडे ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते धातूच खातं. जोडताना गॅस्केट नवंच घाला आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळले की गळती ठरलेली.

खालून पाणी ठिबकतंय म्हणजे टाकी फुटलीच असं समजू नका. झाकण काढून आतला भाग कोरडा पुसा आणि थेंब कुठून येतो ते बघा. गॅस्केटमधून किंवा जोडणीतून येत असेल तर दुरुस्ती होते. फोम ओला होऊन आवरणाच्या फटीतून येत असेल तर टाकी गेली. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त तापताना थेंब पडत असतील तर ते बरोबरच आहे. १५ लिटर पाणी एवढं तापलं की सव्वादोनशे मिली फुगतं, त्याला वाट हवीच. तिथे बूच मारणं धोक्याचं आहे.

नवा घ्यावाच लागला तर बोअरच्या पाण्यासाठी मी काचलेपाची टाकी आणि इन्कॉलॉयचा (गंज न धरणाऱ्या निकेल मिश्रधातूचा) एलिमेंट घेईन. स्टेनलेस स्टीलच्या टाकीला क्षारयुक्त पाण्यात वेल्डिंगच्या जोडाशी बारीक छिद्रं पडतात. ६० अंशांच्या १५ लिटरमध्ये २० अंशांचं तेवढंच पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर होतं. बादलीने एकामागून एक अंघोळी होत असतील तर एवढं चालतं. शॉवर असेल, लागोपाठ दोघं असतील, तर २५ लिटर घ्या. आयएसआय खूण बघा. स्टार रेटिंग म्हणजे गिझर चालू ठेवून नुसता पडून असताना किती उष्णता गमावतो त्याचं मोजमाप. अंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करत असाल तर एका जास्तीच्या स्टारसाठी फार पैसे मोजू नका. इमारत उंच असेल तर टाकीचा दाब बघा. वरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली १ बार वाढतो, त्यामुळे वीस मजल्यांच्या इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर खालच्या घरात ६ बार येतो. ८ बारची टाकी घ्या.

२ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. भरलेला २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या पुढे जातो. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) असेल तर साधे फास्टनर निसटतात, आरपार बोल्ट किंवा त्या ब्लॉकसाठीचेच अँकर मागा. खाली एलिमेंट आणि रॉड सरळ बाहेर येईल एवढी जागा सोडायला लावा, फॉल्स सीलिंगच्या आत बसवत असाल तर हे आधीच मोजून ठेवा. बसवल्यावर गरम नळाला फसफस न करता सलग धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही. कोरड्या टाकीत एलिमेंट काही सेकंदांतच जळतो.